पिकअप थरथरतेय? इंजिनकामाला ‘हो’ म्हणण्याआधी

गेल्या हंगामात कांदा भरून निघालेली माझी जुनी बोलेरो पिकअप चढाला मिसिंग करू लागली. उभी केली तर केबिन थरथरायची, आरसा हलायचा. पहिल्या गॅरेजात दहा मिनिटं आवाज ऐकून निकाल मिळाला : हाफ इंजिन करावं लागेल, तीस हजार धरा. दुसऱ्या मिस्त्रीनं टाकीकडून फिल्टरकडे येणारा रबरी पाइप क्लिपपाशी दाबून दाखवला. नखानं दाबल्यावरच उघडणारी बारीक चीर होती. डिझेलचा थेंबही बाहेर नव्हता, कारण त्या भागात पंप डिझेल ओढून घेतो, त्यामुळे गळती बाहेर न होता हवा आत शिरते. पाइप, दोन क्लिपा आणि हवा काढण्याची मजुरी धरून साडेतीनशे रुपये झाले. म्हणून हा सगळा प्रपंच.

खालचे आकडे तालुक्याच्या गावातल्या साध्या गॅरेजचे आणि अंदाजे आहेत. शहरात आणि कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ते वाढतात. पक्कं बिल घेतलं की १८ टक्के जीएसटी वेगळा.

आधी इंजिन चालू ठेवून नुसतं ऐका. ठोके एकसारखे पडत असतील आणि तरी केबिन हादरत असेल, तर इंजिनाचं फाउंडेशन, म्हणजे खालचे रबर, बसलेले असतात. हजार-दोन हजारांत काम होतं. ठोकाच चुकत असेल तर डिझेलकडे वळा. फिल्टरच्या तळाचा स्क्रू सैल करून थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तासभर ठेवा. पाणी असेल तर खाली वेगळा थर दिसतो. नवा फिल्टर पाचशे-आठशेला येतो. एअर फिल्टरही त्याच वेळी काढून उजेडात धरा, काळ्या धुराचं कारण पुष्कळदा तिथंच सापडतं.

एवढ्यानं भागलं नाही, तर चारपैकी कोणता सिलिंडर आजारी आहे ते शोधायचं. इथं तुमची गाडी कोणत्या पिढीची आहे याला फार महत्त्व आहे. नोझलच्या डोक्यावर वायरचा सॉकेट नसेल, तर ती जुन्या मेकॅनिकल पंपाची. अशा गाडीत मिस्त्री इंजिन चालू ठेवून एकेका नोझलच्या पाइपाचा नट किंचित सैल करतो. आवाज आणखी बिघडला तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोष तिथंच. मग ते नोझल शेजारच्या सिलिंडरला लावून बघायला सांगा. दोष नोझलबरोबर सरकला तर नोझल खराब, जागेवरच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा कॉम्प्रेशनचा प्रश्न. पंपवाल्याकडे चारही नोझल तपासून टिपा बदलायला अडीच-चार हजार लागतात. परत बसवताना तांब्याचे वॉशर नवेच घाला.

सॉकेट असेल तर गाडी कॉमन रेलची. तिचा नट चालू इंजिनावर कुणालाही सैल करू देऊ नका, खुद्द मिस्त्रीलाही नाही. आतला दाब हजार बारच्या वर जातो आणि डिझेलची बारीक धार कातडी भेदून आत शिरते. अशी जखम वरून टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. या गाडीला स्कॅनर लावा, पाचशे ते हजार रुपये. दुसरा उपाय म्हणजे चारही इंजेक्टरच्या रिटर्नला चार सारख्या बाटल्या लावायच्या. ज्याची बाटली लवकर भरते तो इंजेक्टर झिजलेला. दुरुस्तीला एकेकी चार ते सात हजार पडतात, नवा घेतला तर दहा हजारांपुढेच. म्हणून ‘चारही बदला’ असं ऐकलं की बाटल्या बघायला मागा.

थंड इंजिन सुरू करताना थोडा वेळ कच्च्या डिझेलच्या वासाचा पांढरा धूर येतो, त्यात बहुधा ग्लो प्लग किंवा नोझल सापडतं. पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरचं पाणीही कमी होत असेल, तर हेड गॅस्केट बघा. तशी गाडी पुढे चालवू नका.

इंजिनकाम खरंच लागतं तेव्हा खुणा वेगळ्या असतात : निळा धूर, ऑइल कॅप काढल्यावर जोरानं येणारी वाफ, दर आठवड्याला घालावं लागणारं ऑइल. तरीही आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. हजाराच्या आत होते. चारही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहून मागा. एकच खाली असेल तर हेड उतरवून व्हॉल्व्ह तपासण्यावर काम निभू शकतं. चारही खाली असतील तर हाफ इंजिनला पंचवीस ते पस्तीस हजार, बोअर आणि क्रँकसह फुल इंजिनला साठ-ऐंशी हजार तयार ठेवा. सुटे भाग आणि मजुरी वेगवेगळी लिहिलेला अंदाज काम उघडण्याआधी घ्या, आणि निघालेले जुने रिंग-पिस्टन गोणीत भरून घरी आणा.