पाळी बदलली, आता नेम कसा टिकवू?

प्रश्न : मी चाकणच्या एका कारखान्यात काम करतो. बरीच वर्षं जनरल शिफ्टला होतो. पहाटे साडेपाचला उठायचो, कोपऱ्यावर दोघं मित्र थांबलेले असायचे, टेकडीवर जाऊन यायचो, येताना टपरीवर चहा. घरी आल्यावर प्राणायाम आणि रात्री जेवणानंतर तासभर वाचन. दिवाळीनंतर मला फिरत्या पाळ्यांवर टाकलं. एक आठवडा पहिली, एक आठवडा दुसरी, एक आठवडा रात्रपाळी. तेव्हापासून सगळंच बंद पडलं. बायको म्हणते, मनावर घेतलंत तर जमेल. मनावर घेतो, चार दिवस जमतं, पाळी बदलली की पुन्हा शून्य. एकवीस दिवस सलग केलं की सवय लागते म्हणतात, पण माझी तर आठवड्यातच पाळी बदलते. ज्याचं वेळापत्रकच ठरलेलं नाही, त्याला चांगल्या सवयी लागू शकतात का?
– एक वाचक, चाकण

उत्तर : लागू शकतात. पण आधी स्वतःला दोष देणं थांबवा. तुमचं फिरणं इतकी वर्षं चाललं, ते रोज पहाटे निश्चय करून नव्हे. गजर वाजायचा, मित्र थांबलेले असायचे, टपरीवरचा चहा ठरलेला असायचा. या सगळ्यांनी मिळून तुम्हाला घराबाहेर काढलेलं असायचं. पाळी बदलली आणि हे सगळे आधार एकदम गेले. मग उरला तो फक्त निश्चय, आणि आठ तास मशीनवर उभं राहून आल्यावर तो किती पुरणार?

सवयींवर आयुष्यभर संशोधन केलेल्या मानसशास्त्रज्ञ वेंडी वूड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं. एका विद्यापीठातून दुसऱ्या विद्यापीठात गेलेल्या विद्यार्थ्यांच्या व्यायामाच्या, वर्तमानपत्र वाचण्याच्या, टीव्ही बघण्याच्या सवयींचं काय होतं, ते त्यांनी पाहिलं. नव्या जागी ज्यांची आजूबाजूची परिस्थिती जुन्यासारखीच राहिली, त्यांची सवय टिकली. परिस्थिती बदलली, तिथे पक्की सवयसुद्धा सुटली आणि ती गोष्ट करायची की नाही, हे पुन्हा मुद्दाम ठरवावं लागलं. तुमचं घर तेच आहे, टेकडी तीच आहे. पण तुमच्या सवयीच्या दृष्टीने तुम्ही दर सोमवारी गाव बदलता.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो. सवय म्हणजे रोज एकाच वेळी एकच गोष्ट, असं आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं. हे अर्धंच खरं आहे. गूगलच्या अडीच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांबरोबर अमेरिकेतल्या काही अर्थशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०२१मध्ये प्रसिद्ध झाले. जॉन बेशियर्स आणि कॅथरीन मिल्कमन ही त्यातली दोन नावं. प्रत्येकाने व्यायामासाठी आपल्याला सोयीची दोन तासांची वेळ निवडायची होती. काही जणांना त्याच वेळेत जिममध्ये गेलं तर पैसे मिळत. काही जणांना कधीही गेलं तरी मिळत. ठरलेल्या वेळेला बांधलेल्यांची सवय जास्त पक्की होईल, असंच कुणालाही वाटेल. झालं उलटं. पैसे बंद झाल्यावरही, कधीही जाण्याची मुभा असलेली माणसं जास्त वेळा जिममध्ये दिसली. वेळेला बांधलेली माणसं त्यांच्या वेळेत नेमाने जायची, पण ती वेळ हुकली की त्या दिवशी जायचीच नाहीत. साडेपाच वाजून गेले म्हणजे आजचा दिवस गेला. तुमचं नेमकं हेच झालं आहे.

म्हणून सवय घड्याळाला बांधू नका. तिन्ही पाळ्यांत न चुकता घडणारी एखादी गोष्ट शोधा आणि तिला बांधा. तुमच्या दिवसात अशा गोष्टी आहेत. आंघोळ आहे. कंपनीची बस आहे. घरी आल्यावर डबा पिशवीतून काढून मोरीत ठेवणं आहे. पहिल्या पाळीत ते दुपारी चारला होत असेल, दुसरीत मध्यरात्री, रात्रपाळीत सकाळी आठला, पण होतं रोज. डबा मोरीत ठेवला, हातपाय धुतले, की दहा मिनिटं पुस्तक. पुस्तक कपाटात ठेवू नका, जिथे पाय पुसता त्याच्या शेजारच्या फळीवर ठेवा आणि मोबाइल तेवढा वेळ आतल्या खोलीत चार्जिंगला लावा. दहाच मिनिटं का, तर मध्यरात्री थकून आलेल्या माणसाला तासभराचा बेत बघूनच झोप येते. वाचन रंगलं आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी असली, तर वाचा की तासभर. प्राणायाम आंघोळीनंतर आणि खाण्याआधी. आंघोळ कुठल्याही पाळीत चुकत नाही, पोटही रिकामं असतं.

फिरण्याचं मात्र इतकं सोपं नाही, कारण त्याला उजेड लागतो आणि अंगात जोरही लागतो. इथे एकच नियम तिन्ही आठवड्यांना लागू पडणार नाही. आपल्या शेतकऱ्याला हे चांगलं ठाऊक असतं. पेरणीलायक पाऊस लांबला की मूग-उडीद सोडून बाजरी, तूर, सूर्यफूल घ्यावं, असं आपत्कालीन पीक नियोजन कृषी विद्यापीठं आधीच हाती देतात. पाऊस आला नाही म्हणून रान पडीक टाकायचं नाही आणि काय पेरायचं याचा विचार बांधावर उभं राहून ऐनवेळी करायचा नाही. तुम्हीही रविवारी दुपारी एका कागदावर तीन ओळी लिहा. पहिली पाळी असेल तर परतताना बसमधून एक थांबा आधी उतरून चालत घरी. दुसरी असेल तर उठल्यावरच्या चहानंतर टेकडी, उन्हं तापायच्या आत. रात्रपाळी असेल तर दुपारी झोप झाली की चहा आणि मग सोसायटीभोवती अर्धा तास. हा कागद फ्रिजवर लावा.

हे वाटतं तितकं साधं नाही, त्यामागे भक्कम आधार आहे. पीटर गॉलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञाने ‘असं झालं तर मी तसं करीन’ अशा आधीच केलेल्या बेतांवर नव्वदच्या दशकापासून काम केलं आहे. २००६मध्ये त्याने आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला. नुसतं ‘मी हे करणार आहे’ असं ठरवण्यापेक्षा कुठे, केव्हा, कसं हे ठरवून ठेवल्याने माणसं ते प्रत्यक्ष करण्याचं प्रमाण चांगलंच वाढतं, असं त्यात दिसून आलं. तुमच्या बायकोचं म्हणणं खोटं नाही. मनावर घ्यावं लागतंच. पण रोज संध्याकाळी थकल्यावर घेण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, डोकं ताजं असताना घेतलेलं बरं.

एकवीस दिवसांचं म्हणाल, तर त्याची चिंता सोडून द्या. मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनने १९६०च्या आपल्या पुस्तकात लिहिलं होतं, की रुग्णांना बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला साधारण किमान एकवीस दिवस लागतात. त्यातला ‘किमान’ गळाला, चेहरा गळाला आणि सगळ्या सवयींचा तो नियम होऊन बसला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना बारा आठवडे रोज एक नवी गोष्ट करायला लावली. ती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले आणि माणसामाणसांत १८ पासून, पुढचा अंदाज बांधून काढलेल्या २५४ दिवसांपर्यंत फरक निघाला. मला त्यातल्या दोन गोष्टी तुमच्यासाठी मोलाच्या वाटतात. त्यांनी नवी गोष्ट रोजच्या एखाद्या घडणाऱ्या गोष्टीला जोडली होती, ‘न्याहारीनंतर’ अशासारखी. आणि मधला एखादा दिवस चुकला, तर सवय लागण्यात काही विशेष फरक पडला नाही. तेव्हा सलग दिवस मोजू नका. ज्या ॲपमध्ये दिवसांची साखळी दिसते आणि एक दिवस चुकला की आकडा शून्यावर येतो, ते तुमच्यासारख्याने वापरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. पाळी बदलण्याच्या दिवशी, रात्रपाळी संपवून आल्यावर काहीच झालं नाही, तरी तो दिवस वाया गेला असं समजू नका.

मात्र सगळ्याच बाबतीत लवचीक होऊ नका. रक्तदाबाच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर पाळीप्रमाणे त्यांची वेळ स्वतःच्या मनाने हलवू नका, डॉक्टरांना तुमच्या पाळ्या सांगून विचारून घ्या. आणि झोप. रात्रपाळीहून आल्यावर उत्साहाच्या भरात टेकडीवर जाल, तर सकाळचं ऊन डोळ्यांवर पडून शरीर समजतं की दिवस सुरू झाला, आणि मग नऊ वाजता पडूनही डोळा लागत नाही. त्या आठवड्यात येताना काळा गॉगल घाला, खोलीचे पडदे जाड करा, घरच्यांना सांगून दुपारी दोनपर्यंत बेल बंद ठेवा. फिरण्यापेक्षा, वाचनापेक्षा, प्राणायामापेक्षाही हे आधी. झोप गेली की बाकीचं काहीच टिकत नाही.

मित्रांना सोडू नका. त्यांना तुमच्या पाळ्यांचा तक्ता व्हॉट्सॲपवर पाठवून ठेवा. दुसऱ्या पाळीच्या आठवड्यात त्यांना जरा उशिरा निघणं जमलं, तर तेवढे दिवस तरी जुनी सोबत मिळेल. सुट्टीच्या दिवशी टपरीवरचा चहा चुकवू नका.

एक गोष्ट तुमच्या हातात नाही, पण मागता येण्यासारखी आहे. पाळ्या कुठल्या क्रमाने फिरतात ते बघा. पहिली, मग दुसरी, मग रात्र असा क्रम असेल, तर झोपेची वेळ दर आठवड्याला पुढे सरकते. बहुतेकांच्या शरीराचं आतलं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित मोठं असल्याने झोप पुढे ढकलणं त्यांना मागे ओढण्यापेक्षा सोपं जातं. तुमच्याकडे रात्र, मग दुसरी, मग पहिली असा उलटा क्रम असेल, तर तुमच्या खात्यातल्या चारपाच जणांना घेऊन सुपरवायझरशी आणि युनियन असेल तर युनियनशी बोला. पाळ्यांची संख्या तीच राहते, माणसं तेवढीच लागतात, तक्ता फक्त उलटा लावायचा असतो.