एक डोळा, पाहणारे अनेक

वर्गाच्या सहलीस एकच दुर्बीण नेली म्हणजे काय होतें, हें वाचकांस सांगावयास नको. एकास झाडावरचा पक्षी पाहावयाचा असतो, दुसऱ्यास दूरचा किल्ला. आणि तिसऱ्यास, खरें बोलावयाचें तर, दुसऱ्याच्या हातांतली दुर्बीणच हवी असते. हाच तंटा शास्त्रज्ञांपुढें निराळ्या रूपानें कसा आला, तें या पाठांत पाहूं.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले शाखेंत केन गोल्डबर्ग व त्यांचे शिष्य डेझेन साँग यांनीं या शतकाच्या आरंभीं हा प्रश्न हातीं घेतला. उंच जागीं बसविलेला यांत्रिक कॅमेरा आपली मान डावीउजवीकडे वळवितो, वरखालीं करितो व दूरची वस्तु जवळ आणून दाखवितो. इंटरनेटच्या द्वारें पुष्कळ लोक एकाच वेळीं त्यांतून पाहूं शकतात. परंतु मान मात्र एकच! ती वळवावयाची कोणाच्या सांगण्यावरून?

पडद्यावर सर्व परिसराचा विस्तीर्ण देखावा असतो. त्यावर प्रत्येक जण आपणांस हव्या त्या भागाभोंवतीं चौकट आंखतो, आणि सर्वांच्या समाधानाची बेरीज अधिकांत अधिक होईल अशी एक चौकट संगणक शोधून काढतो. सर्वांस सामावून घेण्यासाठीं चौकट मोठी केली, तर पक्षी ठिपक्याएवढा दिसून कोणाचेंच समाधान होत नाहीं; लहान केली, तर दोघांचें साधतें व बाकीचे बाहेर राहतात. म्हणून किती भाग दिसला याबरोबरच तो किती बारकाईनें दिसला, हेंही हिशेबांत धरावें लागतें. २००७ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील सुट्रो वनाकडे तोंड करून असा एक कॅमेरा लाविला होता. लोक घरबसल्या त्यानें पक्ष्यांचीं छायाचित्रें घेत व त्यांचीं नांवें ओळखीत.

आतां तो विस्तीर्ण देखावा येतो कोठून? कॅमेऱ्यास एका वेळीं लहानसा तुकडाच दिसतो. असे तुकडे जोडून संगणक जणूं गोधडी शिवतो, आणि ज्यास जेवढें ठिगळ हवें तेवढेंच त्याच्याकडे धाडतो. मात्र प्रत्येक ठिगळ निराळ्या क्षणाचें असतें. मिनिटापूर्वीं उजवीकडे दिसलेला पक्षी उडून डावीकडे आला, तर चित्रांत एकाचे दोन होतात! म्हणून प्रत्येक ठिगळाची वेळ नोंदून ठेवितात.

पक्ष्यांच्या बाबतींत ही गंमत झाली. वणव्याच्या बाबतींत नव्हे. त्याच विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेच्या ‘अलर्ट कॅलिफोर्निया’ या योजनेंत हजारांहून अधिक कॅमेरे आहेत. कॅमेरा सुमारें दोन मिनिटांत १२ चित्रें घेऊन भोंवतालची एक फेरी पुरी करितो, आणि निरभ्र दिवशीं त्याची नजर ६० मैलांपर्यंत पोहोंचते. त्याचीं चित्रें कोणीही पाहावीं. परंतु आग लागली असतां मान वळविण्याचा अधिकार आग विझविणाऱ्यांकडे असतो. तेथें समाधानाची बेरीज मांडीत बसणें परवडणार नाहीं, आणि आमच्या मतें तें योग्यच आहे.

२०२३ सालीं या चित्रांतील धूर ओळखण्यास संगणकास शिकविण्यांत आलें. त्याच वर्षीं सॅन डिएगोच्या पूर्वेस क्लीव्हलंड राष्ट्रीय वनांत पहाटे तीनच्या सुमारास आग लागली. लोक झोंपेंत होते, अंधारांत धूर दिसण्याजोगा नव्हता. संगणकानें इशारा दिला, सुमारें ६० जवान धांवून गेले, आणि पाऊण तासांत आग विझली.