वार्धक्यातील नित्यकर्मे आणि घरचे साहाय्य

बंगळूरची लष्करी छावणी १८०९ साली वसविण्यात आली. तिच्या आश्रयाने जी बाजारवस्ती वाढली तिला इंग्रजी अमदानीत ब्लॅकपल्ली असे म्हणत. आज ती शिवाजीनगर या नावाने ओळखली जाते. १८६८ सालापासून रुग्णसेवा करीत आलेले बोअरिंग रुग्णालय, रसेल मार्केट आणि सेंट मेरी बॅसिलिका ही या भागातील सुपरिचित ठिकाणे होत. अरुंद गल्ल्या, खाली दुकान आणि वर बिऱ्हाड अशी घरे आणि तमिळ, उर्दू, कन्नड, मराठी अशा अनेक भाषा कानी पडणारा बाजार, असे या वस्तीचे स्वरूप आहे.

अशा वस्तीत माणसाचे वार्धक्य प्रथम जिन्यावर प्रकट होते. साठीत जो जिना सहज चढला जात असे, तोच पंचाहत्तरीत दुर्गम होतो. एकदा जिना उतरणे बंद झाले की बाजार, देऊळ, मशीद, शेजारपाजार ही सारी हळूहळू दुरावतात. जग एका खोलीपुरते उरते. पुढे अंघोळीला वेळ लागू लागतो, साडीच्या निऱ्या किंवा सदऱ्याची बटणे हातांना आवरत नाहीत, सकाळची गोळी घेतली की राहिली हे आठवत नाही. या अवस्थेत घरातील माणसांनी मदत करावी, हे सर्वांनाच मान्य असते. ती कोणती, किती आणि कशी करावी, याचा विचार मात्र क्वचितच केला जातो.

नित्यकर्मांचे मोजमाप

‘आता त्यांच्याने काही होत नाही’ असे वाक्य घरोघरी ऐकू येते. त्यावरून कोणत्या साहाय्याची गरज आहे, हे कळत नाही. अमेरिकेतील क्लीव्हलंड शहरात डॉ. सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी यांनी खुब्याचे हाड मोडलेल्या व अन्य व्याधींनी ग्रस्त असलेल्या वृद्धांचे बारकाईने निरीक्षण केले आणि १९६३ साली एक मोजपट्टी प्रसिद्ध केली. तीत सहा कर्मांचा समावेश होता : स्नान, कपडे घालणे, शौचास जाणे, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणे, मलमूत्राच्या वेगावर ताबा आणि स्वतःच्या हाताने जेवणे. या क्षमता बहुधा एका ठरावीक क्रमाने उणावतात, असे त्यांना आढळून आले. स्नानाची क्षमता प्रथम ढळते, तर घास तोंडापर्यंत नेण्याची सर्वांत शेवटी. आजारातून उठणाऱ्या माणसाच्या ठायी त्या उलट क्रमाने परत येतात.

पुढे १९६९ साली लॉटन आणि ब्रॉडी या दोघा संशोधकांनी दुसरी सूची सिद्ध केली. स्वयंपाक, बाजारहाट, घरकाम, कपडे धुणे, पैशाचा व्यवहार, औषधे वेळेवर घेणे, टेलिफोनचा वापर आणि प्रवास ही कामे तीत येतात. यांना शरीरबळाइतकीच स्मरणशक्ती व तारतम्यही लागत असल्यामुळे ती सामान्यतः आधी अवघड होऊ लागतात. भारतात २०१७-१८ मध्ये झालेल्या दीर्घकालीन वार्धक्यविषयक पाहणीच्या पहिल्या फेरीत साठ वर्षांवरील दर चार व्यक्तींपैकी सुमारे एकीस पहिल्या सूचीतील निदान एका कामात अडचण येत असल्याचे दिसले. दुसऱ्या सूचीच्या बाबतीत हे प्रमाण जवळजवळ निम्मे होते. याचा अर्थ असा की, ही अडचण अपवादात्मक नसून देशातील कोट्यवधी घरांत ती नित्याची आहे.

एका कामाचे पृथक्करण

कोणतेही नित्यकर्म हे प्रत्यक्षात अनेक लहान क्रियांची साखळी असते. स्नानाचेच उदाहरण घेता येईल. पाणी तापविणे, बादली न्हाणीघरात नेणे, उंबरठा ओलांडणे, पाटावर बसणे, तांब्याने पाणी घेणे, पाठ व पावले चोळणे, ओल्या फरशीवरून उठणे, अंग पुसणे आणि कपडे घालणे, अशा निदान नऊ पायऱ्या त्यात असतात. ‘आजींना अंघोळ घालावी लागते’ असे ज्या घरात म्हटले जाते, तेथे पुष्कळदा यांपैकी दोन किंवा तीनच पायऱ्या आजींना जमत नसतात. बादली उचलवत नाही आणि पाटावरून उठवत नाही, एवढीच अडचण असेल, तर बादली दुसऱ्याने भरून ठेवावी, पाटाऐवजी गुडघ्याइतक्या उंचीचे, न घसरणारे स्टूल द्यावे आणि भिंतीत हाताला धरावयास भक्कम दांडी बसवावी. बाकीचे स्नान त्या स्वतः करू शकतात.

हे पृथक्करण करण्याची रीत सोपी आहे. चार-पाच दिवस वृद्ध व्यक्तीस तिच्या गतीने काम करू द्यावे, घाई करू नये आणि ती नेमकी कोठे अडते, हे पाहावे. त्यानंतर तिलाच विचारावे. कोणती मदत रुचते आणि कोणती संकोच उत्पन्न करते, हे तिच्यावाचून अन्य कोणी सांगू शकत नाही. सासऱ्यांना सुनेने स्नानगृहात मदत करणे किंवा आईला मुलाने वस्त्र नेसविणे अनेक घरांत दोघांनाही अवघड वाटते. हा संकोच हट्ट म्हणून झिडकारणे योग्य नव्हे. त्या कामापुरता दुसरा मदतनीस शोधणे हाच त्यावर मार्ग होय.

अतिसाहाय्याचे दुष्परिणाम

मदतीची उणीव जशी घातक, तसाच तिचा अतिरेकही घातक असतो. निरोगी वृद्धांच्या एका छोट्या गटास दहा दिवस अंथरुणावर पडून राहावयास लावले असता त्यांच्या पायांचे मांस सुमारे एक किलोग्रॅमने घटले, असा निष्कर्ष अमेरिकेत २००७ साली प्रसिद्ध झाला. ज्या वृद्धास प्रेमापोटी पलंगावरच ताट, पलंगावरच पाणी आणि पलंगावरच वर्तमानपत्र मिळते, त्याची शक्ती याच रीतीने झिजत जाते. काही महिन्यांनी तो खरोखरच उठू शकेनासा होतो आणि घरातील माणसांना आपला अंदाज बरोबर होता असे वाटते.

म्हणून साहाय्याचा नियम असा असावा : जी पायरी जमत नाही तीच दुसऱ्याने करावी, जी सावकाश का होईना जमते, ती वृद्धाकडेच राहू द्यावी. भाजी निवडणे, देवापुढे दिवा लावणे, वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालणे ही कामे क्षुल्लक दिसली तरी त्यांमुळे बोटे, दृष्टी व मन कार्यरत राहतात आणि घरातील आपले स्थान टिकून आहे ही जाणीवही शाबूत राहते.

पडण्याचे भय

वृद्धाच्या स्वावलंबनावर सर्वांत मोठा आघात बहुधा एका पडण्याने होतो. धोका पारखण्याची एक साधी चाचणी आहे. खुर्चीवरून उठून तीन मीटर नेहमीच्या चालीने जावे, वळावे व परत येऊन बसावे. त्यास १२ सेकंद किंवा अधिक वेळ लागल्यास पडण्याचा संभव जास्त समजावा व वैद्यांचा सल्ला घ्यावा. अंथरुणातून एकदम उठल्यास काहींचा रक्तदाब उतरून भोवळ येते, तेव्हा प्रथम काठावर थोडा वेळ बसून मग उभे राहणे हितावह असते. झोपेच्या व रक्तदाबाच्या गोळ्यांनीही तोल जाऊ शकतो. परंतु त्या आपल्या मनाने बंद करू नयेत, सर्व औषधे एकत्र नेऊन वैद्यांना दाखवावीत.

जुन्या घरांत खर्चाचे फेरबदल करणे नेहमीच शक्य नसते. तथापि जिन्याच्या दोन्ही बाजूंस कठडा, पहिल्या व शेवटच्या पायरीच्या कडेला ठळक रंगाची पट्टी, शौचकूपाच्या वाटेवर रात्रभर मंद दिवा आणि सुटी सतरंजी उचलून ठेवणे एवढे बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यातील आहे.

शुश्रूषा करणाऱ्याचे माणूसपण

घरगुती शुश्रूषेचा भार प्रायः एकाच व्यक्तीवर पडतो आणि ती बहुधा सून, मुलगी किंवा स्वतः वृद्ध असलेली पत्नी असते. रात्री तीन वेळा उठणारी स्त्री दिवसा स्वयंपाक, मुले व कदाचित नोकरीही सांभाळते. तिची कंबर दुखू लागते, झोप तुटते आणि शेवटी आवाज चढतो. मग तिलाच त्याचा पश्चात्तापही होतो. हा दोष स्वभावाचा कमी आणि कामाच्या वाटपाचा अधिक असतो. आठवड्यातून एक अख्खा दिवस तिला या कामातून मोकळीक मिळेल अशी व्यवस्था भावंडांनी मिळून करावी. दूर गावी असणाऱ्यांनी पैशाचा वाटा उचलावा.

पगारी मदतनीस ठेवावयाची झाल्यास कामाचे तास, सुट्टी, वेतन व करावयाची कामे आरंभीच स्पष्ट ठरवावीत. शिवाजीनगरसारख्या बहुभाषी वस्तीत भाषेचाही विचार करावा लागतो. शहाजीराजांना सतराव्या शतकात बंगळूरची जहागीर मिळाल्यापासून या शहराशी मराठी भाषकांचा संबंध आहे आणि कन्नड शब्दांनी मिसळलेली मराठी बोलणारी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली आहेत. स्मृतिभ्रंश झाला की नंतर शिकलेल्या भाषा अनेकदा आधी विसरल्या जातात आणि बालपणीची भाषा उरते. भारतात साठ वर्षांवरील सुमारे ८८ लक्ष लोकांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. आयुष्यभर बाजारात कन्नड व तमिळ बोललेली वृद्धा अशा वेळी केवळ मराठीतच पाणी मागते आणि मदतनिसास ते कळत नाही. पाणी, दुखते, शौचास जायचे आहे, भीती वाटते असे दहा-बारा शब्द मदतनिसास शिकविल्यास पुष्कळ त्रास वाचतो.

समाजाचा वाटा

२००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या निर्वाहाची जबाबदारी मुलांवर टाकली आहे आणि तक्रारीसाठी न्यायाधिकरणांची तरतूद केली आहे. बंगळुरात नाइटिंगेल्स मेडिकल ट्रस्ट व शहर पोलीस यांनी २००२ साली वृद्धांसाठी टेलिफोन मदतसेवा सुरू केली. १४५६७ या क्रमांकाची राष्ट्रीय सेवा २०२१ मध्ये आली. केंद्र शासनाने २०२४ साली सत्तर वर्षांवरील सर्वांसाठी पाच लक्ष रुपयांपर्यंतच्या उपचारांची योजना जाहीर केली; परंतु ती मुख्यतः रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. रोज सकाळी येऊन स्नानास हात देणाऱ्या मदतनिसाचे वेतन तीतून मिळत नाही. जपानने २००० सालापासून अशा साहाय्यासाठी स्वतंत्र विमा चालविला आहे आणि केरळात कोझिकोडे येथून १९९३ साली उगम पावलेल्या उपशामक सेवेच्या चळवळीने शेजाऱ्यांपैकीच स्वयंसेवक तयार करून अंथरुणास खिळलेल्यांच्या घरी पाठविले.

अशी व्यवस्था सर्वत्र उभी राहीपर्यंत घराला आणि गल्लीला आपल्या परीने उपाय योजावे लागतील. खालच्या दुकानदाराने दिवसातून एकदा वर हाक मारावी, शेजारच्या मुलाने औषधे आणून द्यावीत, आणि घरच्यांनी दर महिन्यास त्या सहा कर्मांची उजळणी करून काय सुटले व काय परत जमू लागले ते टिपून ठेवावे. या टिपणाचा उपयोग वैद्यांना होईल. परत जमू लागलेले काम लगेच वृद्धाच्या हाती सोपवावे. घरच्या साहाय्याचे यश त्यातच आहे.