एक उपकरण, दोन कप्पे : गांजाच्या अर्काच्या ‘व्हेप’विषयी

आपल्या वार्षिक अहवालात जमाखर्च आणि विभागवार कामगिरी यांच्या जोडीने एक अभ्यासलेख देण्याचा प्रघात आहे. मधुमेह, काचबिंदू, सर्पदंश अशा विषयांची सवय असलेल्या आमच्या ज्येष्ठ विश्वस्तांना व देणगीदारांना यंदाचा विषय काहीसा परका वाटेल. तो निवडण्यास एक रुग्ण कारण झाला. रुग्णाच्या व त्याच्या आईवडिलांच्या संमतीने, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून, ती हकिकत प्रथम सांगतो.

कॅलिफोर्नियात उच्च शिक्षण घेणारा एक तरुण सुटीत घरी आला तो ओकाऱ्यांनी हैराण होऊनच. अन्न टिकेना, बेंबीभोवती कळ, वजन उतरलेले. मागील वर्षभरात असे तीन-चार वेळा झाले होते आणि दर वेळी आम्लपित्तावर ते खपले होते. आम्हीही पहिल्या भेटीत तेच केले. सलाईन लावले, उलटीवरील नेहमीचे इंजेक्शन दिले, सोनोग्राफी केली. ती निर्दोष निघाली. ‘सिगारेट ओढता का? दारू घेता का?’ हे प्रश्न केसपेपरवर छापलेलेच आहेत. दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असे आले आणि ते खरे होते. तिसऱ्या दिवशी तो पुन्हा दाखल झाला. त्या वेळी त्याच्या आई सहज म्हणाल्या, “डॉक्टर, हा दिवसातून चार-चारदा आंघोळ करतो, आणि तीही कढत पाण्याने. गीझर बंद म्हणून करू देत नाही.”

हे वाक्य ऐकून आमच्या निवासी डॉक्टरांनी घरच्या मंडळींना बाहेर बसविले व त्या तरुणाशी एकट्याने बोलणे केले. तेव्हा त्याने केसपेपरच्या पाठीवर एक चित्र काढून दाखविले. काडेपेटीहून थोडी लांबट, चपटी डबी. वर चोखण्याची नळी. मध्ये दोन छोट्या खिडक्या, एकीत मधासारखे व दुसरीत जरा गडद तेल. बाजूस एक बटण. उपकरण त्याने भारतात आणले नव्हते. चित्र पाहून आमच्यापैकी कोणासही ते काय आहे हे ओळखता आले नाही, हे आम्ही संकोच न बाळगता नमूद करतो. हा लेख त्या चित्रावरूनच लिहिला आहे.

कॅलिफोर्नियात प्रौढांना गांजा बाळगण्याची मुभा नोव्हेंबर २०१६ च्या मतदानाने मिळाली आणि परवानाधारक दुकानांतील विक्री १ जानेवारी २०१८ पासून सुरू झाली. कोलोरॅडो राज्यात ती त्याआधी, २०१४ च्या आरंभीच सुरू झाली होती. अशा बाजारात सुका गांजा हा आता अनेक मालांपैकी केवळ एक माल आहे. वनस्पतीतून द्रावकाने किंवा दाबाने अर्क काढतात, तो शुद्ध करतात व त्याचे दाट तेल बनवितात. हे तेल जाळावयाचे नसते. बॅटरीवर तापणाऱ्या बारीक तारेने किंवा चिनी मातीच्या सच्छिद्र गाभ्याने ते तापवून त्याची वाफ ओढतात. म्हणून धूर नाही, राख नाही, कपड्यांना वासही फारसा नाही. ‘सिगारेट ओढता का?’ या प्रश्नास तो तरुण प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणाला, याचे कारण हेच.

‘डिस्पोजेबल’ म्हणजे तेल संपले की आख्खे उपकरण टाकून द्यावयाचे. त्यात पुन्हा तेल भरण्याची सोय नसते. तेल संपण्याआधी बॅटरी उतरते म्हणून चार्जिंगचे छिद्र मात्र असते. अनेक कप्प्यांचे उपकरण ही यातील पुढची पायरी. एका कवचात दोन, क्वचित तीन स्वतंत्र टाक्या, प्रत्येकीचा तापगाभा वेगळा, बॅटरी सामाईक. बटण दाबून किंवा खटका सरकवून पहिला कप्पा, दुसरा कप्पा किंवा दोन्ही एकदम, अशी निवड करता येते. काहींना चिमुकला पडदाही असतो, त्यावर कोणता कप्पा चालू आहे व बॅटरी किती उरली आहे हे दिसते. तेल दाट असल्याने नळी तुंबते, ती मोकळी होण्यासाठी आधी काही सेकंद तापविण्याची सोयही केलेली असते. यंत्र म्हणून पाहिले तर कल्पकता मान्य करावी लागते.

एका टाकीत बहुधा एक ग्रॅम तेल असते. गांजातील नशा आणणारे मुख्य द्रव्य टीएचसी हे इस्राएलमधील राफाएल मेशुलम व येहिएल गाओनी यांनी १९६४ साली शुद्ध रूपात वेगळे केले. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजात १९९५ च्या सुमारास हे द्रव्य सरासरी ४ टक्के होते, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांवर गेले. व्हेपमधील शुद्ध केलेल्या तेलात मात्र ते ८० ते ९० टक्के असू शकते. हिशेब करून पाहू. ८५ टक्क्यांचे एक ग्रॅम तेल म्हणजे ८५० मिलिग्रॅम टीएचसी, आणि दोन टाक्या मिळून १,७०० मिलिग्रॅम. कॅलिफोर्नियातच गांजायुक्त खाद्यपदार्थाच्या एका तुकड्यात १० मिलिग्रॅमहून अधिक टीएचसी घालण्यास नियमाने मनाई आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसनविषयक संशोधन संस्थेने २०२१ मध्ये संशोधनासाठी ५ मिलिग्रॅम हे एक प्रमाण एकक ठरविले. त्या मापाने ही खिशात मावणारी डबी ३४० एककांची झाली. एका झुरक्यात काही मिलिग्रॅमच जातात, हे खरे. पण विडी संपते तसा झुरका संपल्याचा कोणताही संकेत येथे मिळत नाही.

‘गांजा काय नवा आहे? आमच्या गावच्या मठातही चिलीम चाले,’ असे वडीलधारी मंडळी म्हणतात. ते चूक नाही. भांगेची पाने, गांजाचे तुरे आणि चरस या तिन्हींचा भेद आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. कलकत्त्यात डॉ. ओ’शॉग्नेसी यांनी १८३९ मध्ये या वनस्पतीच्या औषधी उपयोगावर निबंध लिहिला आणि १८९३-९४ मध्ये सरकारी आयोगाने देशभर साक्षी घेऊन तिचा अभ्यास केला. परंतु त्या चिलमीवरून या तेलाचा अंदाज बांधणे म्हणजे ताकावरून लोण्याची परीक्षा करण्यासारखे आहे.

आता दोन कप्प्यांविषयी. बाजाराच्या भाषेत एक कप्पा दिवसाचा, उत्साह देणारा. दुसरा रात्रीचा, झोप आणणारा. वेष्टनावर ‘सटायव्हा’ व ‘इंडिका’ अशी नावे असतात. वनस्पतीच्या या जुन्या वर्गीकरणावरून तेलाचा परिणाम नेमका कसा होईल हे सांगता येत नाही. शुद्ध केलेल्या तेलात तर दोन्हींकडे मुख्य द्रव्य एकच, फरक राहतो तो बहुतांशी सुगंधी द्रव्यांचा. आमच्या मते ही नावे औषधशास्त्राची नसून दुकानदारीची आहेत. त्या तरुणाने मात्र ती खरी मानली होती. सकाळी पहिला कप्पा, अभ्यास संपल्यावर दुसरा. “एकाला विश्रांती मिळते, त्यामुळे कोणताच जास्त होत नाही,” असे तो आम्हास म्हणाला. अभियांत्रिकी शिकलेल्या मुलाने हे म्हणावे याचे नवल वाटले. पण उपकरणाची रचनाच तसे सुचविते. टाक्या दोन असल्या तरी फुप्फुसे, रक्त आणि मेंदू यांच्याकडे खाते एकच असते.

त्याला झालेला विकार म्हणजे दीर्घकाळ गांजासेवनाने होणारा अतिवमनाचा विकार. ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेड जवळच्या डोंगराळ भागातील रुग्णांवरून डॉक्टरांनी त्याचे वर्णन प्रथम २००४ मध्ये केले. एरवी उलटी थांबविण्यासाठी ओळखले जाणारे द्रव्य दीर्घ व नित्य सेवनाने उलटाच परिणाम करते. उलटीवरची नेहमीची औषधे पुष्कळदा निष्प्रभ ठरतात आणि कढत पाण्याने तात्पुरता आराम पडतो. उष्णता आणि मिरचीतील तिखट द्रव्य शरीरातील एकाच संवेदनाद्वारावर काम करतात, म्हणून त्या द्रव्याचे मलम पोटावर चोळण्याचा उपायही केला जातो. हॅलोपेरिडॉल हे औषध काहींना लागू पडते. शरीरातील पाणी व क्षार फार घटल्यास मूत्रपिंडास इजा होते, हा खरा धोका. कायमचा उपाय मात्र सेवन पूर्ण थांबविणे हाच, आणि पूर्ण आराम पडण्यास कधी आठवडे, तर कधी महिने लागतात.

फुप्फुसांचा प्रश्न वेगळा आहे. २०१९ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील इलिनॉय व विस्कॉन्सिन राज्यांत धडधाकट तरुण खोकला, धाप, ताप आणि त्याबरोबर उलट्या घेऊन रुग्णालयांत येऊ लागले. अनेकांना आधी न्यूमोनिया समजून प्रतिजैविके दिली गेली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत देशभरात २,८०७ रुग्णांची नोंद झाली व ६८ मृत्यू निश्चित झाले. माहिती देणाऱ्या रुग्णांपैकी सुमारे ८२ टक्क्यांनी टीएचसीयुक्त व्हेप ओढल्याचे सांगितले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतील धुवण तपासले असता ४८ जणांत जीवनसत्त्व ई अ‍ॅसिटेट सापडले. पोटात घेतले असता निरुपद्रवी असणारा हा पदार्थ तेलात भेसळीसाठी, दाटपणा कायम ठेवून माल वाढविण्यासाठी घातला जात होता. दुधात पाणी घालणाऱ्याने निदान पाणी तरी पिण्यायोग्य घातलेले असते! यातील पुष्कळ माल परवान्याच्या दुकानांतील नव्हता. अनेक रुग्णांनी सांगितलेल्या एका प्रसिद्ध नावामागे तर कोणी एक उत्पादकच नव्हता; रिकामी छापील वेष्टने मिळत आणि कोणीही ती भरून विके.

अनेक कप्प्यांमुळे ही अडचण वाढते. बिनपरवाना उपकरणात एका कप्प्यात टीएचसी, तर दुसऱ्यात हेंपच्या अर्कापासून रासायनिक क्रियेने बनविलेले डेल्टा-८ किंवा एचएचसी, क्वचित पूर्णतः कृत्रिम द्रव्यही असू शकते. लघवीची नेहमीची चाचणी गांजाचा अंश दाखविते. कृत्रिम द्रव्ये तिच्यातून सहसा निसटतात. तेव्हा ‘चाचणी निर्दोष’ एवढ्यावर निश्चिंत राहता येत नाही. तापणाऱ्या धातूच्या भागांतून निकेल, क्रोमियम, शिसे यांचे कण तेलात उतरल्याचेही अभ्यासांत आढळले आहे.

मनावरील परिणामांबद्दल एकच निष्कर्ष देतो. युरोपातील व ब्राझीलमधील केंद्रांतील रुग्णांवर आधारलेल्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा टक्के वा अधिक टीएचसीचा गांजा रोज घेणाऱ्यांत मनोविकृतीचे प्रमाण कधीच न घेणाऱ्यांच्या जवळपास पाच पट दिसले. येथे दहा टक्के म्हणजे ‘तीव्र’ धरले होते. आपण ८५ टक्क्यांच्या तेलाविषयी बोलत आहोत.

नातेवाईक आम्हास हळू आवाजात विचारतात ती गोष्ट म्हणजे कायदा. भारतात २०१९ च्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक सिगारेटचे उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात व साठवण यांवर बंदी आहे, आणि त्याची व्याख्या निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून वाफ देणाऱ्या उपकरणांना लागू होते. त्यातील गांजाचे तेल हा त्याहून गंभीर भाग. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा अशा तेलास चरसाच्या व्याख्येत धरतो. तेथील दुकानातून पावती घेऊन विकत आणले, हे येथील विमानतळावर उत्तर होऊ शकत नाही. अमेरिकेतही राज्याची मुभा म्हणजे केंद्राची मुभा नव्हे. व्हिसा हा केंद्राचा विषय असल्याने विद्यार्थ्यास त्याची झळ पोहोचू शकते. त्याच बरोबर १९८५ च्या कायद्यातील कलम ६४-अ हेही ठाऊक असावे. सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेला व्यसनी मनुष्य स्वेच्छेने मान्यताप्राप्त संस्थेत उपचार घेऊन तो पूर्ण करील तर त्याच्यावर खटला चालत नाही. भीतीपोटी डॉक्टरांपासून माहिती लपविणे रुग्णाच्या जिवावर बेतू शकते. रुग्णाने सांगितलेले गुपित राखणे हे आमचे कर्तव्य आहे.

घरात असे उपकरण आढळल्यास ते लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये. चाटलेले थोडे तेलही बालकास गाढ गुंगी आणू शकते व श्वास मंदावू शकते. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आत लिथियमची बॅटरी असल्याने ते जाळू अथवा ठेचू नये.

त्या तरुणाला पाच दिवसांनी घरी सोडले. जाताना त्याने वडिलांना स्वतःहून सर्व सांगितले. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग त्यांनी औषधांची यादी मागून घेतली. मानसोपचार विभागात त्याच्या चार भेटी झाल्या व पुढील भेटी तो तिकडून दूरध्वनीने घेत आहे. मध्यंतरी एकदा पुन्हा सेवन झाल्याचे व पुन्हा ओकाऱ्या झाल्याचे त्याने आपण होऊन कळविले.

आमच्या केसपेपरवरील छापील प्रश्न विश्वस्त मंडळाच्या मान्यतेने बदलला आहे. ‘सिगारेट ओढता का?’ याऐवजी आता तेथे ‘विडी, सिगारेट, हुक्का, व्हेप किंवा कोणतीही वाफ ओढता का? उपकरणात काय असते? एकाहून अधिक कप्पे आहेत का?’ असे विचारले जाते, आणि हा भाग नातेवाइकांना बाहेर बसवून भरला जातो. आपल्या मुलाच्या तपासणीच्या वेळी आम्ही आपणास दोन मिनिटे बाहेर थांबण्यास सांगितले, तर त्याचा राग मानू नये, ही विनंती.