कुंडीतील मुळांचा श्वास

जयपूर शहर सवाई जयसिंह यांनी १७२७ मध्ये वसविले. त्याच्या रचनेत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. जयपुरातील विद्याधर नगर ही वसाहत त्यांच्याच नावाने ओळखली जाते. तिचा आराखडा पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० नंतरच्या दशकात तयार केला. येथील हवा घरात झाडे लावू इच्छिणाऱ्याची परीक्षा पाहणारी आहे. मे महिन्यात पारा कधी कधी ४५ अंश सेल्सियसपर्यंत चढतो आणि ‘लू’ वाहू लागते. जानेवारीत रात्री तो ५ अंशांच्या आसपास उतरतो. वर्षाचा पाऊस सुमारे ६० सेंटिमीटर, आणि तोही मुख्यतः पावसाळ्याच्या तीन महिन्यांत. अशा कोरड्या मुलखात झाडे तहानेने मरत असतील, असे कोणासही वाटेल. वस्तुतः घरात ठेवलेली झाडे बहुधा पाण्याच्या अतिरेकाने दगावतात. हे कसे घडते, हे समजणे हाच या छंदाचा पहिला धडा होय.

मुळांना हवा का हवी?

पाने प्रकाशात अन्न तयार करतात, ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. मुळेही श्वसन करतात, याचा मात्र विसर पडतो. मातीच्या कणांमधील पोकळ्यांत हवा असते व तीतील प्राणवायू मुळांना मिळतो. कुंडीत सतत पाणी घातले, की या पोकळ्या पाण्याने भरून जातात. प्राणवायू हवेतून जितक्या वेगाने पसरतो, त्याच्या सुमारे दहा हजारपट मंद गतीने तो पाण्यातून पसरतो. त्यामुळे मुळे गुदमरतात, दुर्बळ होतात आणि बुरशीसारख्या सूक्ष्मजीवांना बळी पडून कुजतात.

कुजलेल्या मुळांना पाणी शोषता येत नाही. साहजिकच पाने मलूल होतात. तहानलेल्या झाडाचे लक्षणही हेच! नवशिका मनुष्य मलूल पाने पाहून आणखी पाणी घालतो आणि रोग्याला औषधाऐवजी विषच मिळते. म्हणून पान मलूल दिसताच प्रथम माती पाहावी. माती कोरडी असेल तर झाड तहानलेले आहे. ती ओली असेल तर पाणी ताबडतोब थांबवावे.

कोणत्या झाडांपासून आरंभ करावा?

आरंभी तीन झाडे पुरेशी आहेत. पहिले, रोपवाटिकेत ‘स्नेक प्लांट’ या नावाने मिळणारे, तलवारीसारख्या उभ्या पानांचे झाड. हे मूळचे पश्चिम आफ्रिकेतील. बहुतेक वनस्पतींची पर्णरंध्रे दिवसा उघडी असतात; याची मुख्यतः रात्री उघडतात. रात्री हवा थंड असल्याने पाण्याची वाफ कमी होते आणि रात्री घेतलेला कार्बन डायऑक्साइड दिवसाच्या कामासाठी साठवून ठेवला जातो. दुसरी, आपल्या परिचयाची कोरफड. तिचीही रीत हीच असून मांसल पानांत ती पाणी साठविते. तिसरी, मनीप्लांट ही वेल. ती मूळची पॅसिफिक महासागरातील मोरेआ बेटावरची असून कमी प्रकाशातही तग धरते. तिच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चघळल्यास तोंडाची आग होते. स्नेक प्लांट व कोरफड यांची पाने खाणेही पाळीव जनावरांना बाधते. तेव्हा तिन्ही झाडे लहान मुले व मांजरे यांच्यापासून दूर ठेवावीत.

प्रकाश आणि खिडकी

भर उन्हात प्रकाश सुमारे एक लाख लक्स असतो. खिडकीपासून काही पावले आत तो काहीशे लक्सवर येतो. डोळा या फरकाशी जुळवून घेतो, म्हणून तो आपल्या लक्षात येत नाही; झाडाच्या मात्र येतो.

जयपूर सुमारे २७ उत्तर अक्षांशावर आहे. तेथील जंतरमंतरातील सम्राट यंत्राची तिरपी भिंत याच कोनात उभारलेली आहे. जूनच्या अखेरीस मध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तर डिसेंबरच्या अखेरीस तो क्षितिजापासून केवळ ४० अंश वर येतो. यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून हिवाळ्यात ऊन खोलीत दूरवर येते, उन्हाळ्यात फारसे येत नाही. ही खिडकी कोरफडीस द्यावी. पूर्वेच्या खिडकीजवळ मनीप्लांट ठेवावा आणि स्नेक प्लांट थोडे आत ठेवले तरी चालते. पश्चिमेच्या खिडकीतील उन्हाळी ऊन व लू यांपासून तिन्ही झाडांना जपावे.

पाणी केव्हा द्यावे?

कुंडीच्या तळाला भोक असणे अत्यावश्यक आहे. बागेची माती, जाडी वाळू व चांगले कुजलेले शेणखत समभाग घ्यावे. कोरफडीसाठी वाळू अधिक घ्यावी. पाणी देण्यापूर्वी एक कोरडी काडी मातीत चार बोटे खोल खुपसून बाहेर काढावी. तिला ओली माती चिकटली तर थांबावे. मनीप्लांटला वरची दोन बोटे माती वाळल्यावर, आणि इतर दोघांना सर्व माती कोरडी झाल्यावर, तळातून निथळेपर्यंत पाणी द्यावे. बशीत साचलेले पाणी ओतून टाकावे.

हिवाळ्यात वाढ मंदावते. उन्हाळ्यातील सवयीने तेव्हाही पाणी देत राहणे घातक ठरते. कूलर चालणाऱ्या खोलीत हवा दमट असल्याने मातीही सावकाश वाळते. कूलरच्या टाकीतील पाणी मात्र झाडांना घालू नये. पाण्याची वाफ होऊन जाते व क्षार मागे राहून साठत जातात. कूपनलिकेचे पाणी जड असल्यास कुंडीवर पांढरा थर दिसतो. तो दिसल्यास मधूनमधून साठविलेले पावसाचे पाणी भरपूर घालून माती धुऊन काढावी.

पाण्याचा दिवस पंचांगात शोधावयाचा नसतो. तो मातीत शोधावयाचा असतो. काडी खुपसून माती पाहण्याची सवय ज्याला लागली, त्याच्या घरात ही तीन झाडे अनेक वर्षे टिकतील.