वैमानिकाचा बिल्ला अस्सल की नक्कल?

प्रश्न : पहिल्या महायुद्धातला प्रशियन वैमानिकाचा बिल्ला घ्यायचा आहे. अस्सल कसा ओळखावा?

उत्तर : कैसर विल्हेल्म दुसरा याने २७ जानेवारी १९१३ रोजी हा बिल्ला सुरू केला. लॉरेल आणि ओकच्या पानांचं लंबगोल कडं, वर मुकुट, मधे शेतांवरून उडणारं ‘टाउबे’ विमान. फार देखणं काम! ठशाने घडवलेल्या बिल्ल्यावर पानांच्या शिरा, पंखांच्या रेघा भिंगाखाली धारदार दिसतात. ओतीव नकलेत त्या बुजतात, बारीक छिद्रंही दिसतात. मागे चांदीचा ‘८००’ शिक्का आहे म्हणून हुरळू नका. तो नकलांवरही मारतात. मुकुट बव्हेरियन असेल तर मात्र घाबरू नका, बव्हेरियाचा बिल्ला वेगळा होता. पहिली खरेदी लेखी हमी देणाऱ्या विक्रेत्याकडूनच करा, आणि बिल्ल्याला पॉलिश अजिबात लावू नका.