नवी राहिलेली पुस्तके



ह्या वर्षी आपल्या शाळेच्या ग्रंथालयात बालांसाठी व कुमारांसाठी काही नवी पुस्तके दाखल झाली, हे आपणांस ठाऊक आहेच. त्यांची नुसती यादी छापून ह्या अंकाची दोन पाने सहज भरता आली असती. परंतु यादी पाहून कोणी पुस्तक वाचू लागतो असा आमचा अनुभव नाही. म्हणून ह्यांपैकी कोणते पुस्तक कोणी हाती घ्यावे व ते कसे वाचावे, ह्याचा थोडा विचार येथे करण्याचे योजिले आहे. मात्र त्याआधी आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आम्हांस अवश्य वाटते.

तीन वर्षांपूर्वीही अशीच पुस्तके घेतली होती. आम्ही ती दाखल नोंदवहीत चढविली, त्यांवर शिक्के मारले, खाकी कागदाची वेष्टने घालून वर सुबक अक्षरांत नावे लिहिली, आणि काचेच्या कपाटात ओळीने लावून कुलूप घातले. पुस्तके हरवू नयेत, फाटू नयेत, एवढीच आमची चिंता. मागेल त्यास देणार नाही, असे आम्ही कधी म्हटले नाही. परंतु किल्ली आमच्या खिशात, आम्ही वर्गावर, आणि लहान मुलांस मागावयाचे धैर्य कोठून येणार?

एके दिवशी मधल्या सुटीत सहावीतील एक मुलगी त्या कपाटापुढे उभी दिसली. "काय पाहतेस, बाळ?" असे विचारताच तिने मान खाली घातली व म्हणाली, "काही नाही सर, नावं वाचते." आणि मग वरच्या फळीपासून खालच्या फळीपर्यंत सर्व नावे तिने कपाटाकडे पाठ करून क्रमाने म्हणून दाखविली. त्यांतील एकही पुस्तक तिने हाती धरलेले नव्हते! त्या सायंकाळी आम्ही कपाट उघडले. पुस्तके नवीकोरी होती. फक्त दोहोंस कसर लागली होती. मुलांस न मिळालेली पाने कसरीस मिळाली होती.

पुस्तके बंदिवान करण्याची रीत जुनी आहे. इंग्लंडात हेरेफर्ड येथील मोठ्या प्रार्थनामंदिरात साखळ्यांनी फळीस जखडलेली पुस्तके आजही पाहावयास मिळतात. हाताने लिहिलेले एकेक पुस्तक तयार होण्यास महिनेच्या महिने लागत, त्या काळी तसे करण्यास काही कारण तरी होते. आमच्या कुलपास तेवढेही निमित्त नव्हते. मद्रास येथे गणिताचे अध्यापक असलेले शियाळी रामामृत रंगनाथन हे १९२४ साली तेथील विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम ग्रंथरूपाने मांडले. त्यांतील पहिलाच नियम असा की, पुस्तके ही उपयोगासाठी आहेत. पुढील दोन नियमांचे तात्पर्य हे की, प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे व प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा. नियम इतके सोपे आहेत की, ते कोणास शिकवावे लागतील असे वाटत नाही. पण आम्हांस ते एका सहावीतील मुलीने शिकविले.

आता नव्या पुस्तकांकडे वळू.

पाचवीच्या व त्याखालील मुलांनी प्रथम माधुरी पुरंदरे ह्यांची चित्रमय पुस्तके घ्यावीत. त्यांच्या अनेक पुस्तकांत गोष्टही त्यांचीच व चित्रेही त्यांचीच. त्यामुळे शब्दांनी जे सांगितले नाही ते चित्र सांगते. 'राधाचं घर' वाचताना नुसत्या ओळी वाचून पान उलटू नये. चित्रात कोण काय करीत आहे तेही पाहावे. त्यांनीच संपादित केलेले 'वाचू आनंदे' बालगटासाठी दोन व कुमारगटासाठी दोन अशा चार भागांत आहे. त्यात मराठीतील नाना लेखकांचे वेचे असल्याने, आपल्याला कोणाचे लिखाण आवडते हे ज्यास अजून उमगले नाही, त्याने येथून आरंभ करावा.

सहावी-सातवीच्या मुलांस धाडसाच्या कथा प्रिय असतात. भा. रा. भागवत ह्यांचा 'फास्टर फेणे', म्हणजे फुरसुंगीचा बनेश फेणे, हा सडपातळ मुलगा अंगबळाने नव्हे, तर नजरेच्या तीक्ष्णपणाने व सायकलीच्या वेगाने संकटे पार पाडतो. ह्याच वयात 'तोत्तोचान' अवश्य वाचावे. तेत्सुको कुरोयानागी ह्या जपानी बाईंनी आपल्या बालपणीच्या शाळेची ही हकीकत १९८१ साली प्रसिद्ध केली. चेतना सरदेशमुख-गोसावी ह्यांनी ती मराठीत आणली. त्या शाळेचे वर्ग आगगाडीच्या जुन्या डब्यांत भरत. पुढे आणखी एक डबा आला व त्याचे ग्रंथालय झाले. तेव्हा मुख्याध्यापक कोबायाशी ह्यांनी मुलांस सांगितले की, येथील कोणतेही पुस्तक कोणत्याही इयत्तेच्या मुलाने वाचावे, हवे तर घरी न्यावे, मात्र परत आणावे. आणि आपल्या घरचे चांगले पुस्तक असेल तर तेही इतरांसाठी येथे आणावे. १९४५ साली टोकियोवरील बाँबवर्षावात ती शाळा जळाली. डबे गेले, पुस्तके गेली; पण ज्या मुलीने ती वाचली होती तिच्या स्मरणातून ती शाळा आपल्या फळीवर येऊन पोहोचली आहे. हे प्रकरण वाचले, त्याच दिवशी कपाटाची किल्ली आमच्या खिशातून निघून भिंतीवरील खिळ्यास गेली.

आठवीपासून पुढे चरित्रे वाचण्याचे वय येते. वीणा गवाणकर ह्यांचे 'एक होता कार्व्हर' (१९८१) हे पुस्तक आम्ही मुद्दाम विज्ञानाच्या फळीवर ठेविले आहे. जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हा अमेरिकेतील गुलाम आईचा मुलगा. तान्हेपणी आईसह पळविला गेला. आई पुन्हा सापडली नाही, आणि एका घोड्याच्या मोबदल्यात हा मुलगा परत मिळाला. तोच पुढे १८९६ साली टस्कीगी येथील संस्थेत कृषिशास्त्राचा अध्यापक झाला. वर्षानुवर्षे कापूस पेरून तेथील जमिनीचा कस गेला होता. त्याने शेतकऱ्यांस भुईमूग व रताळी लावण्यास सांगितले. भुईमुगाच्या मुळांवरील गाठींत राहणारे सूक्ष्म जंतू हवेतील नत्र धरून ठेवितात, हे तुम्ही विज्ञानाच्या तासाला शिकला आहात. आपल्याकडील तूर, हरभरा हीही त्याच कुळातील. पुस्तक वाचून झाल्यावर भुईमुगाचे एक रोप उपटून त्या गाठी स्वतः पाहाव्यात. मग पाठ्यपुस्तकातील ओळ व कार्व्हरचे आयुष्य ही दोन्ही एकदमच कळतील.

ज्यांस कल्पनेची भरारी आवडते त्यांनी खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर ह्यांच्या विज्ञानकथांचा संग्रह 'यक्षांची देणगी' घ्यावा. नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी १९३४ ते १९३६ ह्या काळात प्रसिद्ध झालेली लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' आहेत. लग्नानंतर घरीच अक्षरे शिकलेल्या ह्या बाईंची भाषा किती सरळ, आणि स्वतःस हसण्याची त्यांची शक्ती किती मोठी! निबंधात अवघड शब्द भरणाऱ्यांनी ती विशेषेकरून वाचावीत.

आता वाचावे कसे ते थोडक्यात सांगतो. पुस्तक उघडताच लेखक, अनुवादक व चित्रकार ह्यांची नावे पाहावीत. ज्यांनी आपल्यासाठी श्रम केले त्यांची ओळख असावी. पहिली वीस पाने वाचूनही मन रमले नाही, तर पुस्तक निःसंकोच परत करावे व दुसरे घ्यावे. त्यात काही अपराध नाही. अडलेल्या प्रत्येक शब्दापाशी थांबू नये. संदर्भाने अर्थ ताडावा, आणि शेवटी दोन-तीन शब्द वहीत लिहून कोशात पाहावेत. पुस्तक संपल्यावर सारांश लिहिण्यापेक्षा मनात उठलेला एक प्रश्न लिहावा. पानाचा कोपरा दुमडू नये, बोटास थुंकी लावून पान उलटू नये. आणि पान फाटलेच, तर चिकटपट्टी न लावता ते तसेच आमच्याकडे आणावे. खरे सांगणारास दंड होणार नाही.

पालकहो, "अभ्यास सोडून गोष्टी कसल्या वाचतोस?" असे आपण म्हणता, त्यामागील काळजी आम्ही जाणतो. पुष्कळांनी पोटास चिमटा घेऊन मुलांस शाळेत पाठविले आहे. पण मराठी मुलांच्या हाती गोष्टी देणे हे काही नवे खूळ नव्हे. सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांनी १८२८ सालीच इसापच्या नीतिकथा मराठीत आणल्या. विनायक कोंडदेव ओक ह्यांनी १८८१ साली 'बालबोध' मासिक काढले, आणि वासुदेव गोविंद आपटे ह्यांनी १९०६ साली 'आनंद'. ज्यास गोष्ट भराभर वाचता येते, त्यास इतिहासाचा धडा व गणितातील शाब्दिक उदाहरणही लवकर समजते, हे आम्ही वर्गात नित्य पाहतो. ज्या आईवडिलांस स्वतः वाचता येत नाही त्यांनी रात्री जेवण झाल्यावर मुलास एवढेच म्हणावे, "आज काय आणलंस, ते मोठ्यानं वाच पाहू." ऐकणारा असला म्हणजे वाचणाऱ्यास बळ येते.

कपाट उघडे केल्यापासून काही पुस्तके फाटली, दोन हरवली. ही हानी नोंदवहीत लिहिताना हात थोडा अडखळला, हे खोटे कशास सांगावे? परंतु त्याच वहीच्या देवघेवीच्या पानांवर आता जागा उरलेली नाही. दुसरी वही शिवून घ्यावी लागली. कपाटापुढे नावे पाठ करणारी ती मुलगी आज नववीत आहे आणि मधल्या सुटीत देवघेवीची वही तीच सांभाळते. लहान मूल नुसते कपाटासमोर उभे दिसले की, ती त्याच्या हाती काही ना काही ठेविते.

मित्रहो, ह्या वर्षीची पुस्तके फळीवर आली आहेत. पुढील वार्षिक अंकात त्यांच्याविषयी लिहिताना 'नवी' हा शब्द आम्हांस वापरता येऊ नये, एवढे तुम्ही करा.